ओढ्याच्या काठावरचं श्रमदान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मासेमारीच्या छंदावर लेख आला होता. त्यातल्या एका परिच्छेदामुळे हे पत्र लिहायला बसले. विस्कॉन्सिन राज्यातल्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या ओढ्यांवर जे काम चालतं, त्याला लेखकाने 'गळ टाकणाऱ्या श्रीमंतांनी हौसेपायी चालवलेली ओढ्यांची सजावट' म्हटलं आहे. शेजारच्या फोटोत पुरुषभर उंचीचा, सुरीने कापल्यासारखा उभा मातीचा काठ दिसतो आणि खाली ओळ आहे: 'निसर्गाच्या हाती राहिलेला ओढा'. परिच्छेद एक वेळ सोडून दिला असता. ती ओळ सोडवेना.

मी गेली सतरा वर्षं ला क्रॉस गावात राहते आणि गेली नऊ वर्षं या ओढ्यांवर श्रमदानाला जाते. मी आयुष्यात कधी गळ हातात धरलेला नाही, मासे खातही नाही. माझ्या वडिलांचं शेत ओढ्याकाठी होतं आणि दर पावसाळ्यात ओढा ते थोडं थोडं खायचा. बांधावर उभं राहून ते नुसते बघत बसायचे, कारण करण्यासारखं काही आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. इथे पहिल्यांदा काठाच्या कामाला गेले ती त्या आठवणीने. माशांची ओळख नंतर झाली.

आधी हा प्रदेश कसा आहे ते सांगते, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य भाग, मिनेसोटाचा आग्नेय भाग, आयोवाचा ईशान्य कोपरा आणि इलिनॉयची थोडी किनार एवढ्या पट्ट्याला मिळून 'ड्रिफ्टलेस' म्हणतात. हिमनद्या मागे सरताना जो दगडगोट्यांचा गाळ टाकून जातात त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि शेवटच्या हिमयुगात बर्फ या भागाला वळसा घालून गेल्यामुळे इथे तो गाळ नाही. जमीन सपाट झाली नाही. उंच कडे, खोल दऱ्या आणि चुनखडकाच्या फटींतून बाहेर येणारे झरे तसेच राहिले. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण 9 ते 10 अंश सेल्सिअस असतं. जानेवारीत सगळीकडे बर्फ गोठलेलं असताना हे ओढे वाहतात आणि त्यांच्यावरून वाफ उठते. ब्रूक ट्राउट हा इथला मूळचा मासा याच थंड पाण्यावर जगतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला सोसत नाही. ब्राउन ट्राउट मागाहून आला. त्याची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आणली गेली. तो जरा उबदार पाणीही चालवून घेतो.

आता तुमच्या फोटोतल्या त्या काठाबद्दल. असा काठ मी शंभरदा तरी हाताने चाचपला असेल. पाण्यात उभं राहून त्याच्याकडे पाहिलं की गुडघ्याच्या पातळीला एक काळी रेघ दिसते, वीतभर जाडीची. बोटाने खरवडली तर माती चिकट, गार, जवळजवळ डांबरासारखी काळी. तिच्या वर माझ्या डोक्याच्याही वर जाणारी फिकट तपकिरी माती, पिठासारखी मऊ, हात लावला की भुरभुरणारी. ती काळी रेघ म्हणजे गोऱ्या वसाहतकऱ्यांनी नांगर घालण्यापूर्वीची जमीन. इथले मूळ रहिवासी होचंक लोक ज्या जमिनीवरून चालत होते ती. वरचं सगळं तपकिरी हे 1850 नंतर डोंगरांवरून वाहून आलेलं शेत आहे. उताराच्या दिशेनेच नांगरट केली, कड्यांवर गुरं सोडली, झाडी तोडली, आणि प्रत्येक मोठ्या पावसात डोंगराची माती दरीत येऊन बसली. एका ठिकाणी त्या तपकिरी थरातून कुंपणाचा लाकडी खांब आडवा बाहेर आलेला मी पाहिला आहे. कुणीतरी तो जमिनीवर रोवला होता. जमीनच त्याच्या वर चढली.

म्हणजे तो काठ निसर्गाने केलेला नाही. आणि तो निसर्गाच्या हाती सोडला तर आपोआप बराही होत नाही, निदान माणसाच्या आयुष्यात तरी. पूर्वी ओढा काठोकाठ भरला की पाणी दोन्ही बाजूंच्या ओलसर कुरणावर पसरायचं आणि त्याचा जोर तिथेच जिरायचा. आता काठच सात-आठ फूट उंच झालेत. पुराचं पाणी वर पसरू शकत नाही, घळीत अडकतं आणि सगळा जोर काठाच्या पायथ्यावर काढतं. पायथा पोखरला जातो. वरची माती पाणी पिऊन जड झालेली असते. पूर चढलेला असताना निदान बाहेरच्या पाण्याचा तिला आधार असतो, तो ओसरताच ती धपकन खाली येते. म्हणून काठ बऱ्याचदा पूर उतरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळतो. ज्या शेतकऱ्याच्या कुरणात आम्ही तीन वर्षं काम केलं त्याने मला सांगितलं होतं की रात्री गोठ्यात दूध काढताना त्याला तो आवाज यायचा. त्याने कुंपण तीनदा मागे घेतलं होतं.

कोसळलेली माती जाते कुठे? ओढ्याच्या तळावर. ट्राउटची मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ रेवेची जागा शोधते, शेपटीने खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा बारीक गोटे लोटते. ती अंडी हिवाळाभर गोट्यांच्या फटींत असतात आणि फटींतून खेळणाऱ्या पाण्यातला प्राणवायू घेऊन जगतात. त्या फटीत पिठासारखी माती बसली की अंडी गुदमरतात. माशाचं अन्नही त्याच फटींत राहतं. कॅडिस नावाच्या किड्याची अळी वाळूचे कण आणि काड्या एकमेकांना चिकटवून आपल्याभोवती बोटाच्या पेराएवढं नळीचं घर करते. खळाळत्या पाण्यातला दगड उचलून उलटा केला की अशी पाच-सात घरं चिकटलेली दिसतात. गाळ बसलेल्या भागातला दगड उलटा करा, खाली गुळगुळीत चिखल. मी नव्या येणाऱ्यांना आधी हे दोन दगड दाखवते. बाकी काही सांगावं लागत नाही. त्यातच काठ ढासळून पात्र रुंद होतं, पाणी उथळ पसरतं आणि जुलैच्या उन्हात तापतं. एकाच ढासळण्याने मासा तिन्ही बाजूंनी मरतो.

काम कसं चालतं ते लेखात एका वाक्यात उरकलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यात आधी मोठं खोदयंत्र तो उभा काठ तिरका उतरवतं, एक फूट उंचीला तीन फूट पसरट अशा उताराने. जिथे परवडतं तिथे तपकिरी मातीचा थरच उचलून दूर नेतात, म्हणजे पुराला पुन्हा पसरायला जागा मिळते. हे काम यंत्राचं आणि पैशाचं आहे. बाकीचं हाताचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी आपटतं, तिथे ओकच्या फळ्यांचे कप्पे बसवतात. 'लंकर' म्हणतात त्यांना. आठ फुटी फळ्यांचे दोन थर, मध्ये ठोकळे, ओढ्याकडची बाजू उघडी. हे तळावर ठेवून वरून भोकांतून लोखंडी सळया घणाने ठोकायच्या, मागे आणि वर दगड भरायचे, त्यावर माती, मातीत ओट आणि गवताचं बी, त्यावर पेंढा. वरून पाहणाऱ्याला नुसता हिरवा काठ दिसतो. खाली माशाला छपराखालचा कोनाडा मिळतो, जसा पूर्वी झाडांच्या मुळांखाली मिळायचा. ही जोडणी 1980 च्या दशकात इथल्याच, राज्याच्या मत्स्य खात्यातल्या डेव्हिड वेट्रानो यांनी या दऱ्यांसाठी बसवली आणि मग ती दूरदूर गेली.

सळई ठोकणं म्हणजे काय ते अंगाने केल्याशिवाय कळत नाही. कमरेएवढ्या दहा-बारा अंशांच्या पाण्यात दोघं उभे राहतात, एक सळई धरतो, दुसरा घण मारतो. पहिले दोन फूट सहज जातात. मग खालची रेव लागते आणि प्रत्येक घावाला बोटभर. धरणाऱ्याचे हात खांद्यापर्यंत झिणझिणतात. तासाभराने अदलाबदल. ज्यांना लेखक श्रीमंत म्हणतो त्यांच्यात माझ्या शेजारी उभा असणारा एक निवृत्त टपालवाला आहे, एक शाळेतली बस चालवणारी बाई आहे, दोन कॉलेजची मुलं आहेत. गळ टाकणारे आहेतच, बरेच आहेत, आणि त्यांचे आभारच मानले पाहिजेत. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था 1959 मध्ये मिशिगनमध्ये ऑ सेबल नदीकाठी अशाच गळवाल्यांनी सुरू केली. विस्कॉन्सिनमध्ये ट्राउट धरायचा तर मासेमारीच्या परवान्याव्यतिरिक्त 10 डॉलरचं वेगळं तिकीट घ्यावं लागतं. 1977 पासून ही पद्धत आहे आणि तो पैसा ओढ्यांच्या याच कामाला लागतो. ज्याला मासा हवा त्याने माशाच्या घराचे पैसे भरायचे. यात सजावट कुठे आली?

आमची चूक झाली तीही सांगते, कारण त्या चुकीने मी सगळ्यात जास्त शिकले. एका वर्षी लंकरची एक रांग आम्ही चार बोटं वर बसवली. वसंतातलं पाणी भरपूर होतं, फळ्या बुडालेल्या दिसत होत्या, कुणाला शंका आली नाही. ऑगस्टच्या शेवटी पाणी उतरलं आणि वरच्या फळ्या उघड्या पडल्या. ओकचं लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. ओलं-कोरडं होत राहिलं तर काही वर्षांत कुजतं. शिवाय उघड्या फळीखाली मासा थांबत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चाळीस फूट काम हाताने उकललं आणि पुन्हा खाली बसवलं. दगड एकेक करून काढले. त्या चार दिवसांत कुणी कुणाला दोष दिला नाही आणि एकही माणूस कमी आला नाही. मला ही माणसं तेव्हा कळली.

मनात येईल तेव्हा प्रवाहात उतरता येत नाही. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची परवानगी लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे अंडी घालण्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत, ट्राउटच्या ओढ्यात यंत्र उतरवायला सहसा मनाई असते. म्हणून हिवाळ्यात आम्ही काठावरची बॉक्स एल्डरची झाडं तोडतो आणि फांद्यांचे ढीग बर्फावर पेटवतो. झाड तोडण्याबद्दल लेखकाने नाक मुरडलं आहे. मलाही पहिल्या वर्षी हात उचलवत नव्हता. पण बॉक्स एल्डरची मुळं उथळ असतात, त्याच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, आणि उघड्या मातीवरचं ते झाड एक दिवस मुळांसकट आडवं होतं ते काठाचा मोठा लचका घेऊनच. गवताची दाट जाळी या भुरभुरीत मातीला जास्त घट्ट धरते. तरी सावली पाण्याला गार ठेवते हेही खरं आहे, आणि जिथे झरे कमी आहेत तिथे झाडं ठेवायला हवीत असं माझं मत आहे. यावर आमच्यात दर हिवाळ्यात शेकोटीभोवती वाद होतो आणि तो मिटलेला नाही.

बाहेर पडताना बुटांचे तळ ब्रशने घासतो, चिखलाचा कण ठेवत नाही. न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय 2013 मध्ये याच राज्यातल्या ब्लॅक अर्थ ओढ्यात सापडली. मोहरीच्या दाण्याएवढी असते, बुटाच्या फटीत बसून दुसऱ्या ओढ्यात जाते. ओढ्याची सेवा करायला जाऊन ओढ्याला रोग द्यायचा नाही.

लेखात न आलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काठाचं दुखणं काठावर सुरू होत नाही. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर कून क्रीकचं खोरं आहे. 1933 मध्ये अमेरिकेतला पहिला पाणलोट प्रकल्प तिथे, सुमारे 90 हजार एकरांवर सुरू झाला. मृदासंधारणाचं नाव देशभर करणारे ह्यू हॅमंड बेनेट त्यामागे होते, निसर्गसंवर्धनावर लिहिणारे आल्डो लिओपोल्ड सल्लागार होते, आणि मंदीत बेकार झालेली तरुण पोरं कुदळ-फावडी घेऊन राबली. त्यांनी ओढ्याला हात लावायच्या आधी शेतकऱ्यांना डोंगरावर नेलं. उताराला आडवी, समपातळीत पेरणी, मक्याचा एक पट्टा आणि गवताचा एक पट्टा, कड्यावरून गुरं खाली. पुढच्या दशकांत पुराचे लोंढे मऊ झाले आणि पाणी जमिनीत मुरून झरे वाढले. आज या भागात ट्राउट आहे त्याचं मूळ त्या आडव्या पट्ट्यांत आहे. आमच्या फळ्या आणि दगड फार नंतर आले.

म्हणूनच काळजी वाटते. यंत्रं मोठी झाली, त्यांना वळायला अडचण होते म्हणून जुने पट्टे मोडून सलग मका पेरलेली शेतं मी स्वतः पाहते आहे. आणि पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. 27 आणि 28 ऑगस्ट 2018 च्या रात्री कून क्रीक आणि किकापू नदीच्या पश्चिम फाट्यावर इतका पाऊस कोसळला की पूर अडवायला बांधलेली पाच जुनी धरणं फुटली. दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या जागी गेले. कुंपणाच्या तारांवर गवताचे भारे लटकत होते, माझ्या उंचीच्या वर. जिथे काठ तिरका उतरवला होता तिथे गवत आडवं झोपलं होतं, वर गाळाचा पातळ थर, पण माती जागच्या जागी. तिथून दोनशे पावलांवर, जिथे पैसे संपल्यामुळे आम्ही थांबलो होतो, तो उभा काठ बारा फूट मागे सरकला होता. मी टेपने मोजला. त्या शेतकऱ्याचं चौथं कुंपण पाण्यात लोंबत होतं.

त्याच शरदात विभागाचे लोक मासे मोजायला आले. विजेचा सौम्य धक्का देऊन मासा क्षणभर सुन्न करतात, जाळीने उचलून लांबी घेतात आणि सोडतात. मला बादलीजवळ उभं केलं होतं. हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. तळव्यात एक ब्रूक ट्राउट आला, माझ्या हाताएवढा. पाठीवर फिकट वेलबुट्टी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं वर्तुळ, पोटाखालच्या परांना पांढरी कड, जणू कुणी खडूने ओढलेली. तो लंकरच्या छपराखालून निघाला होता. एवढ्या पुरातून तो कुठेही वाहून गेला नव्हता. मी मासे न खाणारी, न पकडणारी बाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

लेखकाला या भागात परत यायचं असेल तर एक सोयही सांगते. विस्कॉन्सिनमध्ये वाहत्या ओढ्याचं पाणी सगळ्यांचं मानलं जातं. रीतसर वाटेने पाण्यात उतरलं आणि पाय ओले ठेवले, तर खाजगी शेतातून जाणाऱ्या ओढ्यातूनही चालता येतं. तसं चालून दोन्ही काठ त्यांनी पाहावेत, उभाही आणि उतरवलेलाही. पाण्यातले दोन दगडही उलटे करून पाहावेत.

माझी विनंती एवढीच आहे की फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी. तो काठ दीडशेहून अधिक वर्षांच्या नांगरटीने आणि गुरांनी केलेला आहे, आणि तो अजून ढासळतो आहे. ज्याचं शेत तो खातो आहे त्या माणसाला तुमची ओळ कुणी वाचून दाखवली तर त्याला काय वाटेल, याचा विचार व्हावा. दोनशे पावलांवरचा तो राहिलेला तुकडा आम्ही येत्या जूनमध्ये हाती घेत आहोत. फळ्या आल्या आहेत, त्या शेतकऱ्याने आपल्या कोठारात रचून ठेवल्या आहेत.

आपली नियमित वाचक,
ला क्रॉस, विस्कॉन्सिन